खुर्चीवरचं पांढरं

ताई माझ्याकडे आली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. गुडघा बदलून घ्यायचा, पुन्हा चालायला शिकायचं आणि आपल्या गावी परत जायचं, असं ठरलं होतं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, बासष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. माझं घर तळमजल्यावर, एवढाच काय तो माझा मोठेपणा. ती एकाहत्तर वर्षांची, मी सहासष्ट. मेव्हणे जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी तर लग्नच केलं नाही. "समोरच्याच्या तोंडावरचा डाग न् डाग दिसतो त्याला, अशा माणसाशी कोण संसार करणार?" असं ताई म्हणते. तिचं म्हणणं खोटं नाही, पण ते दर वेळी चार माणसांत म्हणायची गरज नाही.

डाग दिसणं हा माझा धंदाच होता. मी रिटचिंगवाला. आता हे काम कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. फोटो कॉम्प्युटरमध्ये शिरायच्या आधी कागदावर छापले जायचे, आणि निगेटिव्हवर धुळीचा एक कण जरी बसला तरी छापलेल्या फोटोत पांढरा ठिपका उमटायचा. कधी नवरीच्या नाकावर, कधी साहेबांच्या कोटावर. गिऱ्हाईक फोटो पुढे सरकवायचं आणि म्हणायचं, "तेवढं बघा हं." की मी बघायचो. तीन केसांचा ब्रश, पाण्यात पातळ केलेली काळी शाई, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून अणकुचीदार करायचं आणि टिंब टिंब करत पांढरं बुजवायचं. उलट काळा डाग असला तर बारीक पात्यानं कागदाचा पापुद्रा खरवडायचा, म्हणजे खालचं पांढरं वर येतं. एकाच स्टुडिओत छत्तीस वर्षं मी हे केलं. आमच्यात चांगलं काम म्हणजे केलेलं कळत नाही ते काम. माझं एकही काम कुणाला कधी दिसलं नाही याचा मला फार अभिमान होता.

ताई मुलांच्या वॉर्डात नर्स होती. चौतीस वर्षं रडणाऱ्या पोरांना गोष्टी सांगून सुया टोचल्या तिनं. त्यामुळे तिला गप्प बसता येत नाही आणि मला बोलता येत नाही. लहानपणापासून आमचं असंच चाललंय. ती मला अजून "धाकट्या" म्हणते, दुकानदारासमोरसुद्धा.

ऑपरेशननंतर तिला चालायला शिकवायला एक व्यायामवाली यायची. तरणीताठी, उड्या मारत चालणारी बाई, सदा खिशात काहीतरी शोधत असायची. तिनं ताईला बजावलं, "दिवसातून दोनदा तासभर पाय उंच ठेवून बसायचं. हलायचं नाही." ताई म्हणाली, "मग मला मारूनच टाक." दुसऱ्या दिवशी व्यायामवालीनं आपल्या मुलीची जुनी रंगपेटी आणून दिली. पाण्यात कालवायच्या रंगांच्या बारा वड्या, त्यातली तपकिरी जवळजवळ संपलेली. लहान मुलांच्या पेटीत तपकिरीच का संपते, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय. जगातली निम्मी जनावरं तपकिरी असतात.

ताईनं पहिल्याच दिवशी काढलं ते दवाखान्याचं चित्र. इंजेक्शनसाठी रांग लागलेली. पुढे चष्मेवाली शेळी, मग बेडूक, मग ससा, आणि सशामागे लपलेला सिंह.

"सिंहाला काय झालंय?" मी विचारलं.

"घाबरलाय. मोठेच जास्त घाबरतात."

"आणि शेळीला तीनच पाय?"

"चौथा झग्याखाली आहे."

"झगा गुडघ्यापर्यंतच आहे, ताई."

"मग चौथा पाय घरी ठेवून आलीय. तुला काय करायचंय?"

मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हणाली, अंगण माझंच आहे, वाकडं ठेवीन नाहीतर सरळ. प्रत्येक जनावराला तिनं कुठं ना कुठं पट्टी बांधली होती. शेळीच्या शिंगाला, बेडकाच्या अंगठ्याला, सिंहाच्या शेपटीच्या गोंड्याला. "माझ्या चित्रात बिनपट्टीचं कुणी नसतं," ती म्हणाली, "कारण काही ना काही प्रत्येकालाच लागलेलं असतं." मला त्या वेळी ते वॉर्डातल्या बाईचं बोलणं वाटलं.

मग रोजचंच झालं. जेवणाच्या गोल टेबलावर पाण्याचे दोन पेले, फडकं, पुठ्ठा आणि ताईचा उंच ठेवलेला पाय. तिची रेघ वाकडी जायची, रंग एकमेकांत घुसायचे, हत्ती कधी कपाटाएवढा, कधी किटलीएवढा. पण जनावरं अशी काही एकमेकांकडे बघायची की मला दर वेळी पुन्हा जवळ जाऊन बघावं लागायचं. मी छत्तीस वर्षं ब्रश धरला, पण माझ्या हातून एक मांजरसुद्धा कधी उमटलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवशिक्या बाईचं काम बघून सहासष्टीत हेवा वाटणं काही शोभत नाही.

हेवा वाटला की मी चुका काढतो. आणि चूक दिसली की हात शिवशिवतो. एकदा ती उठल्यावर मी तिच्या उंदराची मिशी नीट करायला बसलो आणि सवयीनं ब्रश जिभेला लावला. ताई मागे उभी.

"थुंक! आधी थुंक! काय काय असतं त्या रंगात!"

"छत्तीस वर्षं चाटतोय मी ब्रश."

"तरीच असा झालायस," ती म्हणाली.

तिच्याकडून मला एकच गोष्ट शिकायला मिळाली, आणि तीही मी शिकलो नाही. या रंगांत पांढरा रंग चालत नाही. पेटीत एक पांढरी वडी असते, पण ती लावली की सगळं दुधाळ होतं. पांढरं हवं असेल तर कागद कोरा सोडायचा. बदकाचं पोट, पेल्यातली वाफ, पट्ट्या, हे सगळं रंगवलेलं नसतं, सोडलेलं असतं, आणि कुठं सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. मला कागदावर कोरं पांढरं दिसलं की राहवायचं नाही. "इथं राहिलं," मी बोट ठेवायचो. "राहिलं नाही, ठेवलंय," ती म्हणायची. असं निदान वीस वेळा झालं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

भिंतीवर आईचा फोटो आहे, तो मीच दुरुस्त केलेला. आईच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग होता. मी तो असा काढला की शोधून सापडणार नाही. ताई आली त्या दिवशी फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ही कोण बाई?" मला राग आला. मी आईला सुंदर केलं होतं. "सुंदर आहे," ताई म्हणाली, "पण मी तापात असले की त्या डागावर बोट ठेवून झोपायचे." मी भांडी घासायला गेलो.

दुसऱ्या महिन्यात तिच्या चित्रांत ओळखीची माणसं यायला लागली. व्यायामवाली कांगारू झाली, पोटाच्या खिशातून वजनं, मोबाइल आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद बाहेर आलेलं. ते बघून ती हसून हसून खाली बसली. आमच्या दाराशेजारच्या गाळ्यात शिंपी आहे, उंच, लांब मानेचा, कायम एका पायावर भार देऊन उभा राहणारा. तो झाला बगळा. गळ्यात टेप, चोचीत टाचण्या, पायाला पट्टी. शिंप्यानं ते चित्र काच लावून दुकानात टांगलं आणि गिऱ्हाइकांना विचारायला लागला, "ओळखा बघू कोण." त्यानं ताईच्या काठीच्या मुठीवर निळी फीत गुंडाळून दिली, हात घसरू नये म्हणून, आणि पैसे घेतले नाहीत. तीस वर्षं मी त्याचा शेजारी. तोवर आमचं बोलणं "नमस्कार" आणि "कचऱ्याची गाडी आली का" यापुढे गेलं नव्हतं. आता तो संध्याकाळी येऊन बसायला लागला, व्यायामवालीही चहाला रेंगाळायला लागली. आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत आणि चारही भरलेल्या, हे मी या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

ताई स्वतः बदक. परिचारिकेची टोपी घातलेलं, गुडघ्याला पट्टी बांधलेलं. "चालते तशीच काढलीय," ती म्हणायची.

मी मात्र कुणीच नव्हतो. पोस्टमन घुबड झाला, औषधवाला अस्वल झाला, समोरच्या बाल्कनीतली बाई आपल्या दोन पिल्लांसकट मुंगूस झाली. मी रोज बघायचो, आज तरी कोपऱ्यात कुठं आहे का मी. विचारायचं तर कमीपणा वाटायचा. शेवटी एकदा सहज विचारतोय असं दाखवून मी म्हणालो, "माझं काही काढलं नाहीस ते."

ताईनं ब्रश पाण्यात खळखळवला. "तुझं नाही जमत मला."

"शिंप्याचं जमतं, पोस्टमनचं जमतं. सख्ख्या भावाचं नाही जमत?"

"नाही ना जमत."

मी दोन दिवस फुगून बसलो. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण मी तसाही कमीच बोलतो.

तिसरा महिना संपत आला तेव्हा तिच्या गावाहून फोन आला. तिच्याबरोबरची एक निवृत्त नर्स त्याच इमारतीत राहते. तिनं सांगितलं, तळमजल्यावरची खोली रिकामी झालीय, शनिवारपर्यंत हो-नाही कळव. म्हणजे बासष्ट पायऱ्या संपल्या. त्या पायऱ्यांवर मी मनातल्या मनात फार भिस्त ठेवली होती. ताईनं फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.

"काय करू?" ती म्हणाली.

मला ती राहायला हवी होती. साधी गोष्ट होती. ती आली तेव्हापासून घरात कुणीतरी माझ्या चपला चुकीच्या जागी ठेवत होतं, माझा पेला वापरत होतं, मी न विचारलेलं सांगत होतं, आणि मला सकाळी उठावंसं वाटत होतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "चांगली सोय आहे."

"आहे खरी," ताई म्हणाली.

"तुझ्या ओळखीची माणसं आहेत तिथं."

"आहेत."

तिनं रंगपेटी उघडली आणि एक मोठा कागद घेतला. ते चित्र तिनं चार दिवस केलं आणि चारही दिवस मला जवळ येऊ दिलं नाही.

गुरुवारी शेवटची तपासणी होती. व्यायामवाली आपल्या गाडीतून तिला घेऊन जाणार होती. दारातून ताई मागे वळली. "चित्र टेबलावर आहे. खुर्चीवरचं तेवढं तू बघ. मला नाही जमत."

ती गेल्यावर मी चष्मा पुसला आणि बघितलं. आमचंच स्वयंपाकघर. आमचं पाच मिनिटं पुढे असणारं घड्याळ, शेगडी, टवका उडालेला पेला. गोल टेबलाशी कांगारू आणि बगळा, आणि किटली घेऊन उभं असलेलं बदक. चौथी खुर्ची खिडकीजवळची, माझी. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, तीसुद्धा काढली होती तिनं. आणि त्या खुर्चीवर, बसायच्या जागेपासून पाठीच्या वेताच्या जाळीपर्यंत, लिंबाएवढं पांढरं. धड गोल नाही, धड लांबट नाही.

मला वाटलं, मला कळलं. माझ्या खुर्चीच्या पाठीला बारीक विणीची जाळी आहे. ती विणताना तिचा हात अडला असणार. "तेवढं तू बघ." छत्तीस वर्षं मला लोक हेच सांगत आले होते. शेवटी तिला कबूल करावं लागलं म्हणायचं, की काही गोष्टी धाकट्यालाच जमतात. मी कपाटातून माझा तीन केसांचा ब्रश काढला आणि अडीच तास बसलो. भिंतीचा फिकट हिरवा रंग अचूक जुळवला. मग जाळी विणली, भोक न् भोक. तिची वीण कुठं संपली आणि माझी कुठं सुरू झाली ते भिंगातूनही दिसलं नसतं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ताई परत आली ती खुशीत. डॉक्टर म्हणाले होते, काठी टाकून द्या. मी चित्र पुढे केलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. ती बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"अगदी कळत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. पण ती मला चपराक बसल्यासारखी लागली. जेवताना मी विचारलं, झालं काय?

"ती जागा तुझी होती रे," ताई म्हणाली. "तिथं तू बसायचा होतास."

"मग काढायचंस की मला!"

"काढलं असतं तर तू दुरुस्त करत बसला असतास. हे नाक असं नाही, हा कान असा नाही. तीन महिने बघतेय मी. आणि खरं सांगू, तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही. घरात असतोस, पण सांगत काही नाहीस. म्हटलं, हात तरी चांगला आहे त्याचा, स्वतःचं स्वतः काढेल." तिनं भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "तर तू स्वतःला बुजवलंस आणि वरून जाळी विणलीस."

मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, हो, तुला काय माहीत. मग ती म्हणाली, "शनिवारी त्या खोलीला हो सांगते. उद्या शिंप्याकडे पडद्यांची मापं देऊन येते."

शुक्रवारी सकाळी तिनं बॅग भरली. रंगपेटी बॅगेत गेली. चित्र तेवढं टेबलावर राहिलं, तिनं त्याला हात लावला नाही. दुपारी ती पडद्यांची मापं घेऊन शिंप्याकडे गेली. काठी दाराशी टेकवून ठेवली होती, ती न घेता गेली. थोडी डुलत, पण स्वतःच्या पायांवर.

मी चित्रापुढे बसलो. रंग पुसून पांढरं आणावं म्हटलं तर या रंगांत ते कधी पूर्ण येत नाही, डाग राहतोच; एवढं सगळं पात्यानं खरवडलं तर कागद फाटेल. आणि गडदावर फिकट चढत नाही. म्हणजे त्या खुर्चीवर आता ससा बसू शकत नव्हता, मांजर बसू शकत नव्हतं. भिंतीहून आणि जाळीहून काळंच कुणीतरी हवं होतं. असा कोण आहे मी, याचा विचार करायची माझी पहिलीच वेळ. लाज वाटत होती, पण घरात कुणी नव्हतं.

मग मला साळिंदर आठवलं. लोक म्हणतात साळिंदर काटे फेकून मारतं. तसं नसतं, मी वाचलंय कुठंतरी. ते बिचारं नुसतं पाठ फिरवून बसतं, आणि मग कुणी जवळ येत नाही.

तीन केसांचा ब्रश काटे काढायलाच जन्माला आला असावा. माझी जुनी शाई थोडी घट्ट केली आणि एकेक काटा ओढला. माझे केस जसे उभे राहतात तसे डोक्यावरचे, मग पाठीवरचे. खुर्चीच्या जाळीच्या भोकांतून काटे मागे बाहेर काढले, कारण साळिंदर खुर्चीत बसलं तर दुसरं होणार काय? अडीच तासांची जाळी फुकट गेली नाही म्हणून मी स्वतःशीच हसलो. माझं नाक मोठं आहे. आरशात बघून तेवढंच काढलं. त्याला पाठ फिरवून बसवणार होतो, पण हातानं ऐकलं नाही. त्याचं तोंड बदकाकडेच वळलं.

साळिंदराचे काटे नुसते काळे नसतात, काळे-पांढरे पट्टे असतात त्यांवर. मी माझं पातं काढलं. लाकडी मुठीचं, स्टुडिओच्या मालकानं पहिल्या वर्षी दिलेलं. त्याला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. एकेका काट्यावर कागदाचा पापुद्रा अलगद खरवडला आणि खालचं पांढरं पुन्हा वर आलं. बुजवलेलं सगळंच काही कायमचं जात नाही, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. फक्त कधी स्वतःवर करून बघितलं नव्हतं.

शेवटी एक गोष्ट राहिली. दाराकडे बघत बघत मी तीही काढली.

ताई पाचच्या सुमाराला आली. शिंप्यानं कापडाचे तीन नमुने दिले होते, ते तिनं टेबलावर ठेवले आणि चित्र दिसलं. तिनं चष्मा लावला. ताप बघताना ती अशी बघायची, ओठ मिटून, घाई न करता.

"साळिंदर," ती म्हणाली.

"हो."

"नाक मोठं झालंय."

"तेवढंच आहे. मोजलंय मी."

तिचं बोट काट्यांवरून फिरत खाली आलं आणि थांबलं. "हे पाठीमागे काय धरलंय त्यानं?"

तिनं चित्र खिडकीपाशी नेलं. साळिंदराच्या पाठीमागे, टेबलाभोवतीच्या कुणाला दिसणार नाही अशी, एक काठी होती. खाली रबराचं बूच, मुठीवर निळी फीत.

"माझी काठी आहे ही."

"हो."

"लपवलीस?"

"काठी नसली की जाता येणार नाही," मी म्हणालो.

"अरे, बिनकाठीची चालते मी आता. कालच टाकून द्यायला सांगितलीय."

"ते साळिंदराला माहीत नाही."

ताई हसली नाही. तिनं चष्मा काढला. "साळिंदराचं राहू दे. धाकट्याला काय म्हणायचंय?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. "जाऊ नकोस, ताई," मी म्हणालो. "मला एकट्याला नको वाटतं."

"कधीपासून?"

"तू आलीस तेव्हापासून. आधी कळत नव्हतं."

ती खुर्चीवर बसली. पदराला, फडक्याला, जे हाताला लागेल त्याला डोळे पुसले, आणि फडकं रंगाचं होतं, त्यामुळे गालावर हिरवा पट्टा उमटला. मी तो सांगितला नाही.

"एवढं बोलायला तीन महिने आणि चाळीस काटे लागले," ती म्हणाली.

"त्रेपन्न."

"गप्प बस. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आपल्या घराण्याचीच खोड. मी तरी काय वेगळी? 'काय करू' म्हणून विचारलं तुला. तू नको जाऊ म्हणशील म्हणून तोंडाकडे बघत बसले, तर म्हणे चांगली सोय आहे!" तिनं फोन उचलला आणि माझ्यासमोरच नंबर लावला. "खोली नको गं. नाही, गुडघा उत्तम आहे. भाऊ राहा म्हणतोय. हो, तोच. बोलतो की, कधी कधी बोलतो."

फोन ठेवून तिनं चित्र पुन्हा पुढे ओढलं आणि एक डोळा बारीक केला. "पण याला काही लागलेलं दिसत नाही. माझ्या चित्रात बिनपट्टीचं कुणी नसतं." तिनं हात पुढे केला. "ते पातं दे."

मी मुठीकडून तिच्या हातात दिलं. तिनं ते भाजी चिरायच्या सुरीसारखं धरलं. साळिंदराच्या कपाळावरचा सगळ्यात उंच काटा निवडला आणि खसाखसा खरवडला. काट्याला पांढरी पट्टी बांधली गेली, पण वाकडी, गरजेपेक्षा दुप्पट रुंद, आणि कागदाला तिथं बारीक लव सुटली.

"झाली का नीट?" तिनं विचारलं.

माझा हात शिवशिवला. एवढीशी बाजू बुजवली असती, एक टिंब, फार तर दोन. मी ब्रश धुतला, पुसला आणि डबीत ठेवून दिला.

"झाली," मी म्हणालो.